दारात थांबलेली सरोज

टीव्हीचा संच तापू लागला की त्याच्या पाठीमागून धुळीचा एक कोमट, करपट वास येतो. तो वास मला अजूनही कुठल्याही अत्तराहून जवळचा वाटतो. हसू नका. लग्नात माहेरहून मिळालेला तो कृष्णधवल संच, त्याची सरकती लाकडी दारं, पडद्यावरच्या मुंग्या आणि त्या मुंग्यांतून हळूहळू साकार होणारा सरोजचा चेहरा, एवढ्या ऐवजावर मी कंधार सोडून लातुरात आल्यानंतरचे पहिले काही महिने काढले आहेत.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत, फायली पोत्यांत, आणि आमच्यासारखी बदलून आलेली कारकुनांची बिऱ्हाडं पत्र्याच्या खोल्यांत. पाट्या रंगवून झाल्या, गुलाल उधळून झाला, आणि पाठोपाठ दुष्काळ आला. लोक नव्या जिल्ह्याच्या पायगुणाला नावं ठेवत. बिचाऱ्या जिल्ह्याचा त्यात काय दोष? आड आटले, नळ कोरडे पडले, आणि रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा राहू लागला.

अडचण अशी की गुरुवारी टँकरची आणि सरोजच्या मालिकेची वेळ एकच. टँकर सुरू होईपर्यंत गल्लीतल्या बायका माझ्या खोलीत दाटीवाटीने बसून ती मालिका बघत. सरोज ही मुंबईतल्या एका बंगल्याची धाकटी सून, घराबाहेर पडून नोकरी करणारी, आणि सासऱ्यांच्या आजारपणाची बातमी ऐकून परत निघालेली. पण रांग सोडून मालिका कोण बघणार? मला सहावा महिना लागला होता, घागर उचलायची मनाई होती, आणि नवरा टंचाईच्या कामावर तालुक्यातालुक्यांत फिरत होता. तेव्हा समोरच्या महानंदाकाकूंनी, सकाळची लिंगपूजा पेलाभर पाण्यात उरकणाऱ्या त्या काटकसरी बाईंनी, कामाची वाटणी करून टाकली. "तू ध्यान देऊन बघ, आन आमाला सांग. तुझ्या घागरी आमी आनताव." तेव्हापासून रोज माझ्या दोन घागरी उंबऱ्याशी येऊ लागल्या. गुरुवारी बायका घाम पुसत पायरीवर टेकत आणि मी सांगत असे. परक्या गावात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

एका गुरुवारी सरोज बंगल्याच्या दारात येऊन उभी राहिली, घंटीकडे तिचा हात गेला, आणि भाग संपला. पुढच्या गुरुवारी त्या वेळेला एक गृहस्थ गुलाबाच्या कलमांना पाणी किती आणि कधी द्यावं, हे सविस्तर सांगत होते! मी कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिले. वाटलं, चुकून लागलं असेल. निवेदिका आली, गोड हसली आणि पुढच्या आठवड्यातही कलमंच असतील म्हणाली. मालिका का बंद केली, याचं अवाक्षर नाही. एका बाईला दारात उभी करून असं कोणी निघून जातं का? मला रडू आलं, आणि त्या रडण्याची लाजही वाटली. पुढे मी दूरदर्शनला पत्रही टाकलं. त्याला उत्तर आलं नाही.

पण त्या गुरुवारी मी डोळे पुसत होते तोच पायरीवर घागरी वाजल्या. "घेतलं का गं आत तिला?" काकूंनी विचारलं. त्यांच्या पदराचं टोक ओलं होतं, हाताला कळशीच्या काठाचे वळ होते. मी म्हणाले, "हो, घेतलं. मोठ्या जावेने दार उघडलं."

त्यानंतर चार गुरुवार मी मालिका रचली. खोटं बोलण्याचं मला भय होतं. पण गोष्ट संपली तर माझ्या उंबऱ्याशी कोण थांबेल, याचं भय त्याहून मोठं होतं. सरोजने सासऱ्यांची सेवा केली, जावेशी गोडी केली. पण माणूस कल्पनेत तरी आपल्या घराबाहेर किती लांब जातं? पाचव्या गुरुवारी माझ्या सरोजने मेथी धुतली, ते पाणी घमेल्यात निथळून घेतलं आणि भांड्यांच्या पहिल्या हातासाठी झाकून ठेवलं.

काकूंची मान वर झाली. "त्या बंगल्यात तर कारंजं हाय. आमी बघितलंय की सुरवातीला. मग भाजी धुतलेलं पानी ती कशाला झाकून ठिवायली?"

मी सगळं कबूल केलं. काकू रागावल्या, खऱ्याखुऱ्या रागावल्या. पण राग घागरींचा नव्हता. "म्हंजी सरोज दारातच हाय? महिना झाला की!" एवढं म्हणून त्या उठल्या, आणि बाकीच्याही त्यांच्यामागे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी रिकामी घागर घेऊन स्वतःच रांगेत जाऊन उभी राहिले. ऊन उतरलेलं, तरी जमीन तळव्यांना भाजत होती. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. टँकरचा पाइप सुटला तशी रांग सरकली, आणि मी वाकणार एवढ्यात काकूंनी माझ्या हातातली घागर काढून घेतली. ती त्यांनी आपल्या घागरीच्या पुढे ठेवली. मालिका बंद पडल्याचं दुःख माझं एकटीचं आहे, असं मी तोवर समजत होते. त्यांचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे लाल होते.

"सरोजला दारात ठिवू नगंस," त्या पाण्याच्या धारेवरची नजर न हलवता म्हणाल्या. "सांग फुडं. आन त्यांचं कारंजं तेवढं बंद करून टाक."