कॅचपोलची उजळलेली टोकनं

इंग्लंडातल्या नॉर्विचच्या जोड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं तळवे कापलेल्या विल्फ्रेड कॅचपोलला व्यसन एकच, आणि ते दारूपेक्षा वाईट, असं त्याची बायको डोरीन म्हणे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी राजाच्या टांकसाळीनं सुटे पैसे पाडणं जवळपास सोडलंच होतं, तेव्हा गावोगावच्या वाण्यांनी, विणकरांनी आपापल्या नावाची तांब्याची टोकनं पाडून वेळ भागवली. ती विल्फ्रेड जमवायचा. एकशे बारा होती, लाकडी कपाटाच्या खणांत, एकेकाला गोल खाच.

"हात लावू नकोस हं," हे डोरीननं चाळीस वर्षांत 'जेवलीस का'पेक्षा जास्त वेळा ऐकलं. का लावायचा नाही, ते मात्र या शहाण्यानं कधी सांगितलं नाही.

मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे टोकनं संग्रहालयात जावीत, खाली चिठ्ठीवर कॅचपोल हे नाव असावं, एवढीच त्याची इच्छा. संग्रहालयाच्या थर्टलबाई गुरुवारी बघायला येणार होत्या. आणि नेमका त्याआधी विल्फ्रेड जिन्यात पडला. आठ दिवस इस्पितळात.

बुधवारी घरी आला, तर डोरीननं कौतुकानं खण ओढून दाखवले. दाराच्या मुठी उजळायचं पॉलिश आणि त्याचाच जुना बनियन. टोकनं नव्या नळासारखी चमकत होती.

"किती कळकट ठेवली होतीस रे! त्या बाई म्हणाल्या असत्या, या घरात बाईमाणूस आहे की नाही?" तिची बोटं काळी पडून भेगाळली होती.

विल्फ्रेडनं एक टोकन उचलून पालथं करून पाहिलं. तांब्यावर दोनशे वर्षांत चढलेला तपकिरी रंग, त्याचंच तर मोल. एकदा घासला की गेला.

"छान झालीत," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

गुरुवारी थर्टलबाईंनी पहिला खण ओढला, दुसरा ओढला, तिसरा ओढलाच नाही. डोरीन आत चहा करत होती.

"कॅचपोलसाहेब, ही नाही हो घेता येणार. कुणी केलं हे?"

"मीच. म्हातारचळ, दुसरं काय!"

मग त्यानं कोटाच्या खिशातून एकशे बारावं काढलं. मागाचं चित्र असलेलं, नॉर्विचच्याच विणकराचं. इस्पितळात सोबतीला नेलं होतं म्हणून वाचलं. बाईंनी ते उजेडात फिरवलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे मात्र नक्की घेते. काचेत ठेवू, तुमच्या नावानं." टोकन टेबलावर ठेवून त्या पर्समध्ये पेन शोधू लागल्या.

तेवढ्यात डोरीन ट्रे घेऊन आली.

"अगं बाई! हे काळतोंडं कुठे दडून बसलं होतं?" तिनं टोकन उचललं, एप्रनच्या खिशातून फडकं काढलं. "एवढं एकच राहिलं की रे! थांबा हो बाई, दोन मिनिटांत लख्ख करून देते."

थर्टलबाईंनी बोलायला तोंड उघडलं. विल्फ्रेडनं त्यांच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"विल्फ, तुझ्यामागे खिडकीत पॉलिशची डबी आहे, दे रे जरा."

विल्फ्रेडनं मागे हात करून डबी घेतली. झाकण घट्ट बसलं होतं. ते त्यानं उघडून दिलं.