मधल्या मुलखातली मुंगी

दरेकशाच्या जंगलात तेंदूपत्ता तोडून मंगलीचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कुठल्या झाडाला हात लावायचा नाही हे ती मुंगी बघून ठरवायची. नागपूरहून मुंग्यांचा अभ्यास करायला आलेल्या दिव्याला तिने एका दिवसात नऊ जाती वेगळ्या काढून दाखवल्या. दहावी बघून दिव्या थबकली. काळी, पाठीवर काटे, त्यातले दोन गळासारखे वाकलेले. या मुंगीची जात काट्यांवरून ठरते, असं तिने मंगलीला समजावलं. अशी मुंगी सह्याद्रीत सापडलेली होती, तिकडे आसामातही. मधल्या सगळ्या मुलखात तिची कुठेच नोंद नव्हती. ही तीच की निराळी, हे नक्की करायला राणी मिळाली तर बरं, असं ती म्हणाली.

घरटं होतं साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाच्या उंच फांदीवर. फांदी तोडणं सोपं होतं, पण तो साज देवाचा. मंगलीचा नवरा दसरू म्हणाला, कुऱ्हाड लावायची नाही, मी चढतो. साठीचा माणूस, पण मधासाठी जन्मभर झाडं चढलेला. दिव्याने दोनदा नको म्हटलं. मंगलीने त्याला अडवलं नाही. राणी तिलाही बघायची होती.

घरट्याची पिशवी दोरीने खाली आली. दसरू उतरायला लागला तेव्हा मुंग्या त्याच्या बाहीतून मानेवर आणि तिथून तोंडावर चढल्या. त्यांचं आंबट पाणी डोळ्यांत गेलं. डोळे पुसायला त्याने एक हात सोडला, आणि दुसरा निसटला.

कणा मोडला होता. गोंदियाच्या दवाखान्यातून त्याला खाटेवर घरी आणलं. दिव्या दवाखान्यात रोज येत होती. गावात मात्र आली नाही. मंगली दिवसातून चारदा त्याला कुशीवर वळवायची, तरी पाठीला जखमा झाल्याच. त्याने कुणाला दोष दिला नाही. एकदाच विचारलं,

"राणी होती का वं तेच्यात?"

"होती," मंगली म्हणाली. "मोठी होती."

तिला काहीच ठाऊक नव्हतं. पडल्यापासून अकराव्या महिन्यात दसरू गेला.

पुढच्या हिवाळ्यात दिव्या आली. तिने नकाशा दाखवला. मधल्या कोऱ्या जागेत एक ठिपका होता. मुंगी तीच निघाली होती. तिने आणलेल्या पेटीत टाचणीवर लावलेल्या प्रत्येक मुंगीखाली चिठ्ठी होती, आणि गोळा करणाऱ्याच्या जागी दसरूचं नाव. मंगलीने त्या नावावर बोट ठेवलं. मग यातली राणी कुठली ते विचारलं.

घरट्यात राणी नव्हतीच, दिव्या म्हणाली. नंतर दुसऱ्या संग्रहातले सह्याद्री-आसामकडचे नमुने मिळाले, त्यांच्याशी काटे जुळले. दसरू चढण्याआधी बुंध्यावरून वेचलेल्या मुंग्यांवरच काम भागलं.

"मंग त्याले चढाचं काऊन होतं?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

दिव्या रडायला लागली, तेव्हा मंगलीने पाण्याचा गडवा पुढे सरकवला. चुलीवर भात होता, तो दोघींनी खाल्ला.

मंगली तिला सोडायला स्टेशनवर गेली. गाडी आल्यावर दिव्याने विचारलं, पुन्हा आले तर चालेल का.

"याचं असन तं या," मंगली म्हणाली. "पण कोणाले झाडावर चढू देऊ नोका."