मुशीअण्णांचा थेंब

माशाच्या तेलाचा चमचा रोग्याच्या हाती देण्याआधी मुशीअण्णा त्याची भीड चेपावी म्हणून त्यातला एक थेंब त्याच्यादेखत स्वतःच्या तळहातावर घेऊन चाटत. आणि त्याच्याही आधी गळ्यातली तुळशीची माळ काढून खुंटीला अडकवत. थेंब चाटायचा, चूळ भरायची, माळ परत गळ्यात. मग पुढचा रोगी. एका बाजारच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मी मोजलं. माळ एकतीस वेळा खुंटीवर गेली आणि एकतीस वेळा खाली आली. साठ थेंबांचा एक चमचा होतो, हे त्यांनीच मला सांगितलेलं. म्हणजे दिवसभरात पोटात गेलं ते जेमतेम अर्धा चमचा. एवढ्याशासाठी इतका खटाटोप कशाला, असं मी विचारलं.

“गुरुजी, माळंला थेंब काय आन् घागर काय, सारखंच की.”

ते माण तालुक्यातल्या आमच्या गावी दवाखान्यात कंपाउंडर होते, मी शाळेत मास्तर. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. पालेभाजी दिसत नव्हती, दूधदुभतं आटलं होतं, आणि दिवस कलला की बरीच माणसं भिंती चाचपडू लागत. रातांधळेपणाची साथच म्हणा. त्यावर विलायतेहून येणारं माशाचं तेल लढाईमुळे बंद पडलं, तेव्हा आपल्याच किनाऱ्यावरच्या मुशी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचं तेल डब्यांतून येऊ लागलं. प्यायला पाणी नाही त्या तालुक्यात औषध आलं ते समुद्रातलं. अण्णांना नाव पडलं ते तेव्हा.

तेलाचा वास असा, की दवाखान्याचं दार उघडल्याचं शाळेत कळे. अण्णा रस्त्यानं निघाले की दोन-तीन मांजरं सोबत ठरलेली. भजनातला एखादा टोमणा मारी, “अण्णा, आज इठ्ठलाला मुशीचा निवद का?” अण्णा टाळ वाजवत राहत. त्यांना चिडलेलं मी कधी पाहिलं नाही.

एक मेंढपाळ म्हातारी मात्र सहजी ऐकेना. “आवं, ह्यो मासा मानसं खातो म्हनं. मग त्याला म्या प्याले तर मानूसच प्याले की.”

“आजी, माणमधलं कुणी त्यानं खाल्लं न्हाई. लय लांब पडतं त्याला.”

म्हातारीनं त्यावर बराच विचार केला आणि चमचा तोंडात घातला.

हे सगळं मी हसत बघत होतो, तोवर माझ्याच घरात ते दुखणं आलं. माझ्या बायकोला, सिंधूला, सातवा महिना होता. एका तिन्हीसांजेला ती ओट्याच्या पायरीवरून पडली. पायरी दिसलीच नाही म्हणाली. थोडक्यात निभावलं; पण आणखी दोन महिने जायचे होते आणि रोज तिन्हीसांज होणारच होती. ती सांगलीची, माहेरी अंडंसुद्धा वर्ज्य. माशाचं तेल पोटात जाऊ देणार नाही म्हणून हटून बसली. समजुतीचे चार दिवस फुकट गेले. पाचव्या दिवशी मी अण्णांना गाठलं आणि म्हटलं, “साध्या बाटलीत भरून द्या. करडईचं तेल आहे असं सांगतो.”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. “पोरांस्नी खोटं बोलू नका म्हून शिकिवता न्हवं?”

आजही तो प्रसंग लिहिताना बरं वाटत नाही.

त्याच दुपारी ते स्वतः बाटली घेऊन घरी आले. सिंधूला म्हणाले, “वैनी, हे मुशीचं तेल. मासा म्हंजी मासाच. घ्यायचं का न्हाई ते तुमी ठरवा.” मग आमच्या भिंतीवर खुंटी शोधली आणि माळ काढून तिथं अडकवली.

“हे काय करताय?”

“आदी आमी घेतो. आमची रीतच हाय.”

“माळकरी माणसानं माझ्यासाठी नेम मोडायचा? पाप लागेल मला.”

“पाप माझं, चमचा तुमचा,” अण्णा म्हणाले.

ती थोडा वेळ त्या माळेकडं बघत राहिली. मग उठली, माळ खुंटीवरून काढून त्यांच्या हातात दिली. “घाला गळ्यात. तुम्ही चाखू नका. मी घेते.” नाक दाबून तिनं चमचा रिकामा केला आणि वर गुळाचा खडा खाल्ला.

अण्णा हातातल्या माळेशी चाळा करत उभे. सुटका झाल्यासारखं वाटायच्या ऐवजी ते हिरमुसले होते. “न चाखता दिल्यालं हे पयलंच,” एवढंच म्हणाले.

मी वही घातली. रोज दिवेलागणीला चार हातांवर उभं राहून पाच वेळा बोटं दाखवायची, ती काय सांगते ते लिहायचं. पहिले दोन दिवस पाचांतलं एकही बरोबर नाही. तिसऱ्या दिवशी एक बरोबर आलं. तो अंदाज असेल म्हणून मी धरलं नाही. चौथ्या दिवशी तीन, पाचव्या दिवशी चार. अण्णा रोज विचारत आणि मी आकडा सांगे.

सहाव्या दिवशी मी वही घेऊन ओट्यावर आलो तर सिंधू पायरीवर बसली होती. सूर्य बुडून बराच वेळ झाला होता. समोरच्या चढावरून कुणीतरी येत होतं. मला नुसती आकृती दिसली.

“अण्णा येताहेत,” ती म्हणाली. “उजव्या वहाणेचा अंगठा तुटलाय त्यांच्या. पाय ओढत चालताहेत बघा.”

अण्णा जवळ आले तसं मी त्यांना ती काय म्हणाली ते सांगितलं. त्यांनी खाली वहाणेकडं पाहिलं, मग सिंधूकडं. बायको जाऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. दवाखान्यामागच्या खोलीत ते एकटेच राहत. पायरीवर तिच्याशेजारी टेकत ते हळूच म्हणाले,

“परवाच तुटलाय, वैनी. बगणारं कोन न्हवतं.”