चार भागाकार राहिले होते

पोलादपूरच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरने निरोप दिला, "ताई, तुमचे दादा गेले. वर्गातच." मी दवाखान्यात नर्स, असे निरोप मीच लोकांना देत आले. मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून आहे.

दादा डोंगरातल्या एका वाडीवर मास्तर. ७३९३९१३३ या संख्येने त्याला धरलं होतं. तिचा शेवटचा अंक पुसला की उरते ती मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. पुन्हा पुसा, पुन्हा मूळ. अगदी सातापर्यंत. या सगळ्या लहान संख्या तपासून झाल्या होत्या. राहिली होती ती अख्खी संख्या. तिचं वर्गमूळ ८५९८ च्या जरा पुढे, म्हणून तिला ८५९७ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं, म्हणजे हजारावर भागाकार. सातवीतल्या मुली ते करत. एकच भागाकार दोघींनी वेगवेगळा करायचा, बाकी जुळली तरच वहीत. मी म्हटलं, "तुला कुणी विचारलंय का हे?" तो म्हणाला, "संख्येनं विचारलंय. गप ना गो."

तपासणीला आलेल्या साहेबांनी ती वही उचलून नेली. शेरेबुकात लिहिलं, 'अभ्यासक्रमाबाहेर वेळ दवडतात.' दादा तीनदा महाडला कचेरीत गेला. वही सापडत नाही म्हणाले... त्याने दोनपासून पुन्हा सुरुवात केली. दोन वर्षांचं काम गेलं.

पुण्यानुमोदनाला, दादाच्या शोकसभेत, तेच साहेब माईकपाशी उभे. "गुरुजी म्हणजे आपल्या तालुक्याचे गणिती." मी बसल्या जागेवरून विचारलं, "वही कुठाय?" चारजणांनी मला गप्प राहायची खूण केली. वाडीवरची एक बाई म्हणाली, "इचारू दे की तिला. माझी पोर त्याच वहीत भागाकार शिकली. साहेब तवा नाय बोलले, आता बोलतात." साहेब खाली बसले.

गेल्या आठवड्यात दादाची खोली आवरायला गेले. दुसरी वही ८५४३ वर थांबली होती. पुढचे चार भागाकार राहिले होते. चारच... त्या बाईच्या मुलीला बोलावून घेतलं. पाठीला पाठ लावून बसलो. तिसऱ्याला बाकी जुळेना. "तुमचं चुकलंय आत्या, परत करा," ती म्हणाली. चुकलं होतं. शेवटी ८५९७. भाग ८६००, बाकी ४९३३. दोघींची तीच. संख्या मूळ आहे.

खाली दादाचं आणि सगळ्या मुलींचं नाव लिहिलं. वही आता माझ्या दवाखान्यातल्या कपाटात आहे. साहेबांना बघायची असेल तर त्यांनी पोलादपूरला यावं. न्यायला मिळणार नाही.