जजसाहेबांनी चमचा सोडला

आमच्या दक्षिण इंडियानात माणूस एकवेळ तुरुंगवास विसरेल, पण त्याच्या आईच्या पुडिंगला दुसरा नंबर दिलेला विसरणार नाही. जज हार्लन क्रेब्ज यांच्या कोर्टात अठरा वर्षं बेलिफ म्हणून उभा राहून मी एवढं एकच कायद्याचं ज्ञान कमावलं.

हार्लन सरळ माणूस. भाच्याचा खटला आला की "जवळचं नातं आहे, मी बसणार नाही" म्हणत उठायचे आणि शेजारच्या काउंटीतला जज बोलवायचे. जजची निवडणूक दर सहा वर्षांनी. तीनदा ते निवडून आले, कारण समोर कोणी उभंच राहिलं नाही. चौथ्यांदा मात्र ट्रेंट ओल्डम नावाचा तरणाबांड वकील उभा राहिला, आणि अर्धी काउंटी त्याच्या नात्यातली.

सप्टेंबरच्या जत्रेत पर्सिमन फळाच्या पुडिंगची स्पर्धा असते. चमच्याने चाखून निकाल जजनेच द्यायचा, ही रीत; तो मान अख्खी काउंटी बघते. त्यापायी त्यांची बायको वर्ना अठरा वर्षं स्पर्धेबाहेर. त्याआधी ती पहिल्या नंबराच्या चार निळ्या फिती जिंकलेली बाई! त्या ऑगस्टमध्ये मी साहेबांना न्यायला गेलो, तर नाश्त्यावरच भांडणाला तोंड लागलेलं.

"मी नाव दिलंय यंदा," वर्ना म्हणाली. "भाच्यासाठी उठतोस ना? मग माझ्यासाठीही ऊठ."

"अगं, त्या चमच्यावर मतं आहेत!"

"अठरा वर्षं तुझीच मतं शिजवतेय मी."

"साहेब, चमचा सोडलात तर खुर्चीही जाईल," मी मध्येच म्हणालो. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प कॉफी प्यालो.

जत्रेत साहेब मंचावर चढले. "जवळचं नातं आहे, मी बसणार नाही," म्हणाले आणि चमचा चक्क ट्रेंटच्या हातात दिला. गडी हरखला. बारा बशा मिटक्या मारत चाखल्या. बशांवर नुसते आकडे. पहिला नंबर सात. सात म्हणजे वर्ना.

ट्रेंटची सख्खी आत्या लर्लीन, तिचीही बशी त्या बारांत होती, तिथेच कडाडली, "बाळा, यंदा थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला माझ्या घरी फिरकू नकोस!"

परतताना गाडी मी चालवत होतो. वर्ना मांडीवरच्या फितीवरून हात फिरवत होती. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात तिने विचारलं, "खरं सांग हार्लन, तू असतास तर कितवा नंबर दिला असतास?"

साहेबांनीही निकालानंतर सगळ्या बशा चाखल्या होत्या.

"दुसरा," ते म्हणाले. "जायफळ जास्त झालं होतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. घरचंही मत गेलं!

नोव्हेंबरात साहेब एकोणीस मतांनी निवडून आले. सगळं कोर्ट म्हणालं, ही लर्लीनआत्याची कृपा. मला राहवेना. वर्नाला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, रागावू नका, पण तुमचं मत?"

"त्यालाच की," ती म्हणाली. "जायफळ जास्तच झालं होतं, ड्वाइट. ते माझ्या तोंडावर सांगणारा जज दुसरा कुठून आणायचा?"