टाकवलं नाही ते पाणी

सांगलीच्या मॅडम नसत्या तर मी कधीच आमच्या दुष्काळी माण तालुक्यात मेंढरांमागं परतलो असतो. हे आधी सांगतो, मग काय झालं ते.

अणुवीज केंद्राजवळच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस आहे. गाव लय लांब राहिलं. शाळा आठवीत सुटली, त्यामुळं काचेच्या भांड्याला हात लावताना अजून धाकधूक होते. आसपासच्या विहिरींचं आणि केंद्राच्या सांडपाण्याचं पाणी आमच्याकडं कॅनमधून येतं. ते उकळायचं, वाफ थंड करून थेंबथेंब बाटलीत धरायची. गाळ, क्षार मागं राहतात. ते शुद्ध पाणी यंत्रात ठेवून मॅडम त्यातला, वाफेबरोबरच येणारा किरणोत्सर्ग मोजतात. एका नमुन्याचं उरलेलं पाणी दुसऱ्याला लागू द्यायचं नाही, फेकायचं.

ते फेकणंच मला जमेना. टँकरच्या रांगेत वाढलेला माणूस मी. एकदा सांडपाण्याच्या नमुन्याचं तांब्याभर पाणी उरलं, अगदी नितळ. त्यानं मी पुढची बाटली विसळली. ती शेजारच्या गावच्या विहिरीच्या पाण्यासाठी होती.

विहिरीचा आकडा वाढला. धोक्याच्या कितीतरी खाली, पण नेहमीपेक्षा जास्त. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, गावाला कळवावं लागेल. बोललो तर नोकरी जाणार, गप्प बसलो तर ती माणसं आपल्याच विहिरीला भिणार. शेवटी मॅडमना सांगून टाकलं.

"टाकलं का न्हाईस रं?"

"आवं मॅडम, चांगलं पाणी व्हतं. टाकवलं न्हाई."

"मग सरबत करायचंस की. लेका, हितं पाणी फेकायचाच पगार हाय तुला."

मग त्या साहेबांकडं गेल्या. म्हणाल्या, "फेक म्हणून सांगितलं, का फेकायचं ते सांगितलं नाही. चूक माझी." झाली चूक त्यांनी वहीत लिहिली आणि विहिरीच्या कॅनमधलं राहिलेलं पाणी माझ्यापुढं ठेवलं. "तूच कर परत."

मी पहिल्यापासून सगळं परत केलं. आकडा नेहमीचाच आला. माझी नोकरी राहिली.

मॅडमची म्हातारी आई सांगलीत नदीकाठी एकटी असते. कृष्णा चढली की मॅडम इथं फोन धरून बसतात. पुढच्या वेळी पाणी चढायच्या आत मी रजा टाकून जाणार आणि आजींना माणला आमच्या घरी नेऊन ठेवणार. आमच्या माळावर पूर कुठला यायला.