मामाने साफ केलेला डोळा

माझ्या मामाच्या स्टुडिओतून आजवर मिटल्या डोळ्यांचा माणूस बाहेर पडलेला नाही. फोटो काढताना माणसं डोळे मिटतातच, आणि लग्नाचा ग्रुप फोटो असला की कोणी ना कोणी चक्क झोपलेलं सापडतं. पण मामा संगणकापुढे बसतो, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढतो आणि दुसऱ्या फोटोतले डोळे आणून त्या माणसाला बसवतो. त्याचेच मिळाले तर उत्तम, नाही तर जवळच्या नातेवाइकाचे. एका लग्नात नवरीचे वडील प्रत्येक फोटोत पेंगत होते. मामाने त्यांना त्यांच्या मेव्हण्याचे डोळे लावून दिले. त्या दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. म्हातारा फोटो बघून म्हणाला, "दिसतोय मी छान, पण स्वतःचाच इतका राग का येतोय कळत नाही."

मामाला कुरूप काही बघवतच नाही. पुटकुळी, डाग, सुरकुती, सगळं तो पुसतो, आणि न विचारता पुसतो. एका आजींचा ओळखपत्राचा फोटो त्याने इतका साफ केला की कचेरीच्या खिडकीतल्या बाईने तो परत दिला आणि म्हणाली, "मुलीचा नको, तुमचा आणा." आजी मात्र खूश होत्या. त्यांनी तो फोटो मोठा करून घेतला.

मामी शाळेत गणित शिकवते. जे आहे ते आहे, असा तिचा स्वभाव. हा संसार कसा चालतो हे मला, त्यांच्याच माडीवर राहून दोन्ही वेळा त्यांच्याकडे जेवणाऱ्या भाच्यालाही, अजून कळलेलं नाही.

घरात तिसरी व्यक्ती म्हणजे बाईसाहेब. मांजर आहे, पण तसं तिच्यासमोर म्हणायची सोय नाही. पांढरीशुभ्र, जाडजूड, डोळे हिरवेगार, त्यातल्या उजव्यात एक तपकिरी ठिपका. स्टुडिओतल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर ती बसते आणि गिऱ्हाईक उभं राहतं. मामाचा तिच्यावर इतका जीव की मामीला तो नावाने हाक मारतो आणि हिला "अहो बाईसाहेब" म्हणतो.

तर या बाईसाहेबांचा डावा डोळा बिघडला. आधी लाल झाला, मग सुजला, मग त्यावर दुधासारखी साय आली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "डोळ्यात दाब वाढलाय. नजर तर गेलीच आहे. आता त्या डोळ्याचं एकच काम उरलंय, दुखणं. काढून टाकू या. पापण्या शिवते, वर केस येतात, मांजर मजेत राहतं."

"डोळा?" मामा म्हणाला. "काढायचा?" आयुष्यभर लोकांना डोळे बसवणारा माणूस तो. त्याचा चेहरा असा झाला की जणू चिमटा त्याच्याच डोळ्याशी आणलाय.

"आधी औषधाचे थेंब घालून बघू या ना," तो गयावया करत म्हणाला. डॉक्टरीणबाई मनाविरुद्ध तयार झाल्या. म्हणाल्या, "थोडे दिवस बघू. पण मांजरं दुखणं लपवतात, लक्षात ठेवा. मला रोज डोळ्याचा फोटो पाठवा. जरा जरी वाढलं तरी थांबायचं नाही."

फोटो पाठवा! ज्याला सांगू नये नेमकं त्यालाच सांगितलं.

मामाने पहिला फोटो थाटात काढला. मागे पांढरा पडदा, बाजूला दिवा, बाईसाहेब खुर्चीवर. मग तो संगणकापुढे बसला आणि जिभेचं टोक बाहेर आलं. त्याला कोणाला फसवायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण तसला डोळा त्याच्या स्टुडिओतून बाहेर जाणार कसा? त्याने लाली जराशी कमी केली. दुसऱ्या दिवशी सूज थोडी आत दाबली. मग साय पुसली. डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं, "छान! फरक पडतोय. थेंब चालू ठेवा."

मामा ते उत्तर घेऊन घरभर नाचला. गंमत म्हणजे त्याचा त्यावर पुरता विश्वास बसला होता. स्वतःच साफ केलेला फोटो तो मला दाखवायचा आणि म्हणायचा, "बघ, किती निवळलाय!"

"अहो, मग ती दिवसभर कपाटाखाली का बसते?" मामीने विचारलं.

"उकडतंय तिला."

"आणि खात का नाही?"

"वजन वाढलंय, तिचं तिलाच कळत असेल."

"मला हात लावू देत नाही ती."

"तू गणिताची बाई. तुला कोण हात लावू देणार?"

मामी कपाटापाशी गुडघ्यांवर बसली आणि आत डोकावली. मीही त्या कपाटाखाली वाकून बघितलं. आतून फक्त एक हिरवा डोळा माझ्याकडे बघत होता. मी मामाला तसं सांगितलं, तर म्हणाला, "अंधारात तुला काय दिसणार!"

शेवटी डावा डोळा इतका बिघडला की त्यात साफ करण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा मामाने रीतसर धंद्यातली युक्ती केली. चांगला उजवा डोळा उचलला, उलटा केला आणि डावीकडे बसवला. फोटो असा झकास झाला की भिंतीवर लावावा.

तासाभरात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज घाबरलेला. "डाव्या डोळ्यात तपकिरी ठिपका कधी आला? मला हे लक्षण बरं दिसत नाही. आत्ताच्या आत्ता घेऊन या!"

मामी शाळेतून परस्पर दवाखान्यात आली. आम्ही टोपलीत बाईसाहेबांना घालून टॅक्सीने गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर घेतलं, डोळ्यावर बॅटरी मारली. मग फोन काढून फोटो बघितला. पुन्हा मांजर बघितलं.

"हा कुठल्या मांजराचा फोटो आहे?"

"हिचाच," मामा म्हणाला. मग खालच्या आवाजात, "थोडा साफ केलाय."

"थोडा?"

"डोळा उजवा आहे."

मी छताकडे बघितलं. मामीने डोक्याला हात लावला. डॉक्टरीणबाईंनी मात्र आरडाओरडा केला नाही. त्यापेक्षा तो केला असता तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "हा डोळा आज काढायचा. आता मला फोटो नको, सही द्या."

मामाने सही केली. जाता जाता त्याने विचारलंच, "त्या जागी काचेचा बसवता येईल का? हिरव्या रंगाच्या छटा आहेत माझ्याकडे."

"कोणासाठी?" त्या म्हणाल्या. "ती काही आरशात बघत नाही."

बाहेर बाकावर आम्ही बसून राहिलो. मामा शेजारच्या पोपटवाल्याला विचारत होता, की भूल दिल्यावर मांजराला स्वप्न पडतं का. पोपटवाला म्हणाला, त्याला फक्त पोपटाचं माहीत आहे. मला हसू येत होतं आणि मामाची दयाही येत होती, पण जास्त काळजी बाईसाहेबांची वाटत होती. त्यांना काही झालं असतं तर मी मामाशी बोललो नसतो.

बाईसाहेब घरी आल्या त्या भलत्याच अवतारात. अर्धं तोंड भादरलेलं, डाव्या बाजूला टाक्यांची रांग, टाके खाजवू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं. नरसाळं दाराच्या चौकटीला आपटायचं आणि त्या चौकटीकडे रागाने बघायच्या, जणू ती आडवी आली. दूध मामाच ठेवायचा, पण मान फिरवून. तिच्याकडे त्याला बघवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी टाक्यांचा फोटो मागितला तेव्हा मामी म्हणाली, "कॅमेऱ्याला हात लावायचा नाही तुम्ही." तिने स्वतः काढला. हललेला, अंधारा, आणि कोपऱ्यात तिचा अंगठा. डॉक्टरीणबाईंनी कळवलं, "उत्तम. सगळं दिसतंय."

टाके निघाले, नरसाळंही निघालं. दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. बाईसाहेब खुर्चीवर चढल्या, पुढचा पाय चाटून ओला केला आणि तोंड धुवायला लागल्या. पाय कानामागून आणला आणि त्या बंद जागेवरून खाली ओढला. पुन्हा ओला केला, पुन्हा ओढला. जोरजोरात, घुरघुरत, थांबायचं नावच नाही.

"ती बाजू तिने कधीपासून धुतलीच नव्हती," मामी म्हणाली. "माझ्या आत्ता लक्षात येतंय."

डोळा काढल्यानंतर मामाने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं.

"म्हणजे स्वतःचा पायसुद्धा लावून घेता येत नव्हता तिला," तो म्हणाला. "एवढं दुखत होतं. आणि मी डोळा सुंदर करत बसलो होतो."

आणि तो रडायला लागला, अगदी लहान पोरासारखा, आवाज करून. मामीने पर्समधून रुमाल काढून त्याच्या हातात दिला.

"पुसा," ती म्हणाली. "तुमचे दोन्ही वाहतायत."